साठीनंतरची पायी वारी : त्र्यंबकेश्वर ते पंढरपूर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले वय ६६ आहे, दहा वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे, उजवा गुडघा दुखतो आणि तरीही संत निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरपर्यंत एकदा पायी जावे अशी आपली इच्छा आहे. मुलगा म्हणतो की गाडीने नेऊन दर्शन घडवतो. आपल्या सासूबाई मात्र सत्तरीपर्यंत पायी जात होत्या. हे आपल्याला जमेल का, आणि जमायचे असेल तर तयारी कशी करावी, असे आपण विचारले आहे. मी नाशिकमध्ये वैद्यकीय व्यवसाय करते आणि बरीच वर्षे याच वारीत एका दिंडीबरोबर चालत वारकऱ्यांचे पाय, साखर आणि रक्तदाब पाहत आले आहे. आपण लिहिलेल्या माहितीवरून मला वाटते की वारी आपल्या आवाक्यात आहे, मात्र तिची तयारी कार्तिकातच सुरू व्हायला हवी, आणि ती तयारी बहुतेक लोक ज्या पद्धतीने करतात त्यापेक्षा थोडी वेगळी हवी.

हे अंतर सुमारे ४५० किलोमीटरचे आहे. ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास त्र्यंबकेश्वराहून निघालेली पालखी आषाढी एकादशीसाठी पंढरपुरात पोहोचायला जवळजवळ चार आठवडे घेते. रोजची सरासरी १७-१८ किलोमीटर पडते आणि काही टप्पे त्याहून बरेच मोठे असतात. एखाद्या दिवशी एवढे चालणे साठी ओलांडलेल्या, पण घरात हिंडत्या-फिरत्या माणसाला अशक्य नसते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची सुमारे २० किलोमीटरची फेरी करणारी आपल्या वयाची कितीतरी माणसे आपण पाहिली असतील. परंतु फेरी झाल्यावर माणूस घरी येतो, पाय शेकतो आणि दोन दिवस आराम करतो. वारीत दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्याच्या वेळी त्याच पायांवर पुन्हा उभे राहायचे असते आणि हे रोज करायचे असते. वाढत्या वयात थकलेले स्नायू पूर्ववत व्हायला तरुणपणापेक्षा अधिक वेळ लागतो, आणि वारीत नेमका तोच वेळ मिळत नाही. म्हणून वारी मध्येच सोडावी लागलेल्या ज्येष्ठांची तक्रार पहिल्या दिवशीची क्वचितच असते. नाशिक, पळसे, लोणारवाडी हे मुक्काम उत्साहात पार पडतात आणि सिन्नर मागे पडल्यावर, साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी, शरीर नकार देऊ लागते. माझ्या मते वारीची सगळी तयारी एकाच प्रश्नाभोवती असावी : आज चालून झाल्यावर उद्या सकाळी मी कितपत ताजी असेन?

चालायला लागण्यापूर्वी काही तपासण्या करून घ्याव्यात. उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि ईसीजी या तपासण्या आपल्यासाठी आवश्यक समजते. जिना चढताना छातीत दडपण येत असेल, धाप लागत असेल किंवा पूर्वी हृदयाचा त्रास झाला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतल्याखेरीज सरावसुद्धा सुरू करू नये. मधुमेहींच्या पायांची संवेदना तपासण्यासाठी तळपायाला एक बारीक नायलॉनचा धागा टेकवतात. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिच्या निकालावर पुढचे पुष्कळ काही ठरते, म्हणून डॉक्टरांकडे ती आग्रहाने मागून घ्यावी. घरी एक सोपी चाचणी स्वतःच करावी. हाताच्या खुर्चीत न बसता साध्या खुर्चीत बसावे, दोन्ही हात छातीवर घडी घालून ठेवावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येते ते मोजावे. ६५ ते ६९ वयाच्या स्त्रीला ११ पेक्षा कमी आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा उठता आले, तर मांड्यांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे असे समजतात. वारीत पंगतीला जमिनीवर बसायचे, जमिनीवरच झोपायचे, रात्री उठायचे आणि शौचाला बहुधा उकिडवे बसायचे असते. त्यामुळे चालण्याइतकीच ही उठण्या-बसण्याची ताकद तेथे कामाला येते.

सरावाचे वेळापत्रक मी असे सुचवीन. मार्गशीर्षापर्यंत रोज सपाट जागी अर्धा तास चालावे आणि तो वेळ दर आठवड्याला थोडा वाढवत एक तासापर्यंत न्यावा. जोडीला एक दिवसाआड खुर्चीतून उठ-बस, भिंतीला धरून टाचा उचलणे आणि एका पायरीवर चढ-उतर हे तीन व्यायाम करावेत. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. तोपर्यंत सलग आठ-दहा किलोमीटर विनासायास होऊ लागले, तर आपण योग्य वाटेवर आहात. माघापासून मात्र लांब पल्ल्याच्या मागे लागू नये. लोक येथे एका रविवारी २५ किलोमीटर चालून दाखवतात आणि पुढचे चार दिवस बसून राहतात. असा सराव वारीसाठी फारसा उपयोगाचा नाही. त्याऐवजी शनिवार-रविवार लागोपाठ दहा-दहा किलोमीटर चालावे, चैत्रात ते तीन दिवस लागोपाठ पंधरापर्यंत न्यावे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना शरीर काय सांगते ते वहीत लिहून ठेवावे. दर चौथा आठवडा हलका ठेवावा. एकदा नाशिकहून त्र्यंबकेश्वरापर्यंतचे २८ किलोमीटरच्या आसपासचे अंतर दोन दिवसांत, मध्ये मुक्काम करून चालावे आणि परत येताना बसने यावे. नाशिकरोडहून आपल्याला सपाट रस्ते भरपूर आहेत. चढ-उतारासाठी आठवड्यातून एकदा पांडवलेणीच्या पायऱ्या पुरेशा आहेत, आणि त्या उतरताना गुडघ्याची खरी परीक्षा होते. सरावाचा बराच भाग डांबरी रस्त्यावर असावा, कारण वारीत पाय बहुतांश डांबरावरच पडतात. वैशाखात शेवटचे दोन आठवडे थोडे उन्हात, म्हणजे सकाळी नऊ-दहापर्यंत चालत राहावे. शरीराला उष्णतेची सवय होण्यास साधारण तेवढेच दिवस लागतात.

गुडघ्याविषयी आपण काळजीने लिहिले आहे. झिजलेला गुडघा चालण्याने अधिक झिजतो ही समजूत खोलवर रुजलेली आहे, परंतु बेताने वाढवलेले चालणे आणि मांडीचे बळकट स्नायू यांनी बहुतेकांचे दुखणे कमीच होते. चालताना दुखले आणि रात्रीपर्यंत शमले, तर दुसऱ्या दिवशी तितकेच चालावे. सकाळपर्यंत राहिले किंवा सूज आली, तर अंतर निम्मे करावे. काठी अवश्य घ्यावी आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे आपण डाव्या हातात धरावी. हात सरळ सोडला असता मूठ मनगटाच्या रेषेशी यावी इतकी तिची उंची असावी. काठी घेण्याचा संकोच पुष्कळांना वाटतो. वारीत पताका, टाळ, वीणा, तुळशीवृंदावन असे काही ना काही प्रत्येकाच्या हाती असतेच. तेथे काठी कोणाच्या नजरेत भरत नाही.

आता पायांविषयी, कारण माझ्या अनुभवात ज्येष्ठांची वारी थांबवणारे सर्वांत मोठे कारण तेच आहे. दिवसभर चालून पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी, मोजे घालून विकत घ्यावेत आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी राहील असे घ्यावेत. साडीवर बूट चांगले दिसत नाहीत या विचाराने पुष्कळ बायका नव्या चपला घेऊन प्रस्थानाला येतात आणि सातपूरच्या मुक्कामीच त्यांचे फोड बांधावे लागतात. वारीतले बूट किमान दोन महिने पायात मुरलेले असावेत आणि जोडीला एक पट्ट्याची सँडल असावी, म्हणजे बूट भिजले तर त्यांत वर्तमानपत्राचे कागद कोंबून ते वाळवता येतात. फोड घर्षण, ओल आणि उष्णता या तिन्हींमुळे येतो. चालताना एखादी जागा चुरचुरू लागली की त्याच क्षणी बाजूला बसावे, पाय कोरडा करावा, मोजा बदलावा आणि त्या जागेवर कागदी चिकटपट्टी सपाट लावावी; पुढच्या विसाव्यापर्यंत दम काढू म्हटले की फोड आलाच. आलेला फोड लहान असेल तर फोडू नये, आणि कोणत्याही फोडाची वरची कातडी सोलून काढू नये. नखे सरळ रेषेत कापावीत. मांड्यांच्या आतल्या बाजूला घामाने कातडी सोलवटते, त्यासाठी परकराखाली गुडघ्यापर्यंतची सुती पँट घालावी आणि व्हॅसलीन लावावे. ही गोष्ट कोणी बोलत नाही आणि सोसणाऱ्या मात्र पुष्कळ असतात.

अनवाणी चालण्याचा नवस आपल्याकडे श्रद्धेने केला जातो आणि त्या श्रद्धेचा मला आदर आहे. मधुमेहाच्या रुग्णाने मात्र तो करू नये. तळपायाची संवेदना कमी झालेली असली, तर काच घुसलेली कळत नाही, तापलेल्या डांबराचा चटका कळत नाही, आणि चिखलातून चाललेली जखम चिघळल्यावर बोट गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. रोज मुक्कामी पोहोचल्यावर दोन्ही तळपाय आणि बोटांच्या बेचक्या प्रकाशात पाहाव्यात. वाकता येत नसेल तर छोटा आरसा वापरावा किंवा शेजारणीला सांगावे. तिचे पाय आपण पाहावेत, आपले तिने. धनुर्वाताचे इंजेक्शन गेल्या दहा वर्षांत झाले नसेल तर आधीच घ्यावे.

औषधांबाबत जरा विस्ताराने लिहिते, कारण येथे चुकले तर परिणाम तासाभरात दिसतात. आपण मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेता, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध एकत्र असलेली गोळी घेता. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइडने जाऊ शकते, आणि रोज चार-पाच तास चालणाऱ्या शरीराला तितका डोस बहुधा लागत नाही. म्हणून सरावाच्या लांब दिवसांत ग्लुकोमीटरने साखर मोजून ते आकडे आपल्या डॉक्टरांना दाखवावेत आणि वारीसाठीचा डोस त्यांच्याकडून लिहून घ्यावा. घरी आपण गोळी घड्याळाच्या वेळेने घेत असाल. वारीत जेवण कधी दहाला मिळते, कधी गावकऱ्यांच्या आग्रहामुळे साडेबाराला, म्हणून ही गोळी पंगतीत पान वाढले गेल्यावरच घ्यावी. घाम सुटणे, हात थरथरणे, अचानक भूक लागणे, चिडचिड होणे किंवा गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही झाले, तर साखर मोजायला साधन हाताशी नसले तरी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, पंधरा मिनिटे बसावे, बरे न वाटल्यास पुन्हा तितकेच घ्यावे आणि नंतर भाकरीसारखे काही खावे. साखरेची पुडी कमरेच्या पिशवीतच असावी. सामानाच्या ट्रकमध्ये ठेवलेली साखर त्या वेळी मिळत नाही. वाटेत येणारी ज्येष्ठातली एकादशी आणि शेवटची आषाढी, या दोन्ही दिवशी निरंकार उपवास करून चालू नये, आणि साबुदाणा-बटाट्याचा भारही करू नये. भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, राजगिरा असा फराळ ठेवावा आणि त्या दिवशीच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांपैकी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी, म्हणजे डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी जे घेतात, त्यांनी तर हे विचारल्याशिवाय राहूच नये, कारण उपवास आणि पाण्याची कमतरता या दोन्हींत ती गोळी घातक ठरू शकते. जे इन्सुलिन घेतात त्यांनी कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून लहान मडक्यात ठेवण्याची सोय करावी.

रक्तदाबाच्या गोळीविषयी इशारा वेगळा आहे. सिन्नर-कर्जत पट्ट्यातल्या उन्हात घाम भरपूर जातो आणि त्यात लघवी वाढवणारे औषध चालू असते, तेव्हा शरीरातले पाणी आणि क्षार दोन्ही घटतात; उभे राहताना भोवळ येऊ लागली तर रक्तदाब मोजून डॉक्टरांना फोन करावा, स्वतःहून गोळी बंद करू नये. अशा वेळी अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले, तर टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारे औषध आणि हे वेदनाशामक अशी तिन्ही मिळून मूत्रपिंडाला इजा करू शकतात. वाटेत ठिकठिकाणी सेवाभावाने औषधे वाटली जातात आणि देणाऱ्याचा हेतू उत्तम असतो, परंतु त्याला आपली इतर औषधे माहीत नसतात. दुखण्यासाठी आपल्याला पॅरासिटामॉल चालेल, दिवसभरात ३ ग्रॅमच्या आत. वेदनाशामक इंजेक्शन कोणी देऊ केले तर हात जोडून नको म्हणावे. औषधांचे दोन संच करावेत, एक अंगावर आणि एक वळकटीत. आपले नाव, आजार, औषधे, दिंडीचा क्रमांक आणि मुलाचा फोन मराठीत लिहिलेले कार्ड प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात ठेवावे.

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने थोडे पाणी प्यावे. नुसतेच पाणी भरमसाट प्याले तर रक्तातले सोडियम घटते, म्हणून दिवसातून एक-दोन वेळा एका लिटरमध्ये एक पुडी या प्रमाणात ओआरएस किंवा मीठ घातलेले ताक घ्यावे. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. बायका वाटेत पाणी पीत नाहीत याचे कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे : आडोसा मिळत नाही. पुरुषांतही प्रोस्टेटचा त्रास असलेले हेच करतात. यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, भोवळ आणि बद्धकोष्ठता असे सगळेच ओढवते. यावर उपाय म्हणजे दोन-तीन जणींनी एकत्र राहून, एकीने लुगडे धरून आडोसा करण्याची जुनी रीत निःसंकोच पाळावी आणि सकाळी निघण्यापूर्वी अर्धा तास अधिक हाती ठेवावा. दिंडी ठरवताना राहुटीपासून शौचालय किती दूर असते हे दिंडीचालकांना स्पष्ट विचारावे. वर्गणी किती यापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

सामानाबद्दल एवढेच सांगते की त्र्यंबकेश्वरचा पाऊस पाहून बांधाबांध करू नये. सह्याद्रीच्या सावलीतला सिन्नरपासून पुढचा पट्टा, नंतर अहिल्यानगर, कर्जत आणि पलीकडे करमाळ्याची बाजू हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे आणि तेथे ज्येष्ठ-आषाढात पावसाइतकेच ऊनही झोडपते. छत्री दोन्हींसाठी चालते. जाडसर सतरंजी, उशीऐवजी गुडघ्याखाली घ्यायला गुंडाळी, कानात घालायला कापूस आणि विजेरी हवी. रात्री भजन उशिरापर्यंत चालते. ज्येष्ठांनी हरिपाठ झाला की झोपावे आणि जागरण तरुणांवर सोपवावे. दुपारच्या विसाव्यात पाऊण तास पाय उंचावर ठेवून पडून राहणे हे या वारीतले आपले सर्वांत मोलाचे औषध आहे.

चालताना आपली गती दिंडीच्या गतीशी जुळेलच असे नाही. जुनी माणसे पहाटे इतरांच्या अर्धा-पाऊण तास आधी, दोघी-तिघींच्या सोबतीने पुढे निघतात, म्हणजे दिंडी गाठेपर्यंत त्यांचे निम्मे अंतर सावकाश होऊन जाते. मागे राहून धावत गाठण्यापेक्षा हे फार बरे. त्या दिवशीच्या मुक्कामाचे गाव रोज पाठ करावे. राहुरीहून डोंगरगणकडे जाताना चढ लागतो. त्या दिवशी वाहनात बसायचे असे आधीच ठरवून ठेवले तरी काही बिघडत नाही. वाहनात बसणे हा पराभव मानून दुखणे लपवणारी माणसे मी दरवर्षी पाहते, आणि ज्यांनी एक दिवस वेळेवर पाय थांबवला ती पंढरीपर्यंत चालत पोहोचलेलीही पाहते. काही लक्षणे मात्र अशी आहेत की त्यांत एक दिवसाची विश्रांती पुरत नाही : छातीत किंवा जबड्यात दडपण, आडवे झाल्यावर लागणारी धाप, एकाच पोटरीला आलेली दुखरी सूज, बोलण्यात जडपणा किंवा एका बाजूचा अशक्तपणा, उन्हात अंग तापून असंबद्ध बोलणे. यांत १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णालयातच जावे, आणि उन्हाने असंबद्ध झालेल्या माणसाला गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत राहावे.

आपल्या मुलाला काय सांगावे हेही आपण विचारले आहे. त्याची भीती खरी आहे आणि तिला उत्तर तयारीनेच देता येईल. तपासण्यांचे कागद त्याला दाखवावेत आणि सरावाच्या लांब दिवशी त्याला बरोबर चालायला न्यावे. माझी सूचना अशी की, यंदा त्र्यंबकेश्वर ते लोणारवाडी आणि पुढे दातलीचे रिंगण एवढेच ठरवून निघावे. पालखी सातपूर, नाशिक करत नाशिकरोडवरूनच पळशाला जाते, म्हणजे गरज पडली तर पहिल्या रात्री आपण स्वतःच्या घरी झोपू शकता आणि मुलगा अर्ध्या तासात आपल्यापर्यंत पोहोचू शकतो. दातलीला पाय शाबूत असतील, साखर स्थिर असेल आणि सकाळी उठताना अंग हलके वाटत असेल, तर पुढे निघावे. नसेल तर तेथून परत येऊन शेवटच्या दोन-तीन मुक्कामांना, करकंबच्या आसपास, पुन्हा दिंडीत मिळावे. अनेकांनी अशी तुकड्यांची वारी करत एके वर्षी ती अखंड केली आहे. आपल्या सासूबाईंशी स्वतःची तुलना करू नये. त्या काळी रोजचे पाणी भरणे, दळण, शेतावर जाणे यांतच त्यांचा सराव वर्षभर चालू असे.

आपण पत्रात एक वाक्य जाता जाता लिहिले आहे की यजमान गेल्यापासून घरात सगळे जपतात, पण कोणी काही काम सांगत नाही. वारीत आपल्याला काम सांगणारी माणसे भेटतील. भाजी निवडायला बसवतील, पाण्याची घागर धरायला सांगतील, आणि विशीतला मुलगा आपल्या पायावर डोके ठेवेल तसे आपणही त्याला माउली म्हणून वाकाल. साठीनंतर वारीला आलेल्या बायका मला पाय दाखवता दाखवता हेच सर्वांत जास्त सांगतात, आणि आपण जावे असे मला वाटण्याचे हे औषधांच्या यादीत न बसणारे कारण आहे.

पंढरपुरात पोहोचल्यावर एकादशीच्या पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत उभे राहू नये. ती रांग तासन्‌तास चालते आणि चार आठवडे चाललेल्या पायांना स्थिर उभे राहणे चालण्यापेक्षा जड जाते. चंद्रभागेत गर्दीत न शिरता काठावर स्नान करावे, नामदेव पायरीला नमस्कार करावा आणि कळसाचे दर्शन घ्यावे. शेकडो जुने वारकरी एवढेच करून समाधानाने परततात. परतीच्या बसमध्ये दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे, कारण पाय लोंबते ठेवून दिवसभर बसल्याने पोटरीत रक्त साकळू शकते. घरी आल्यावर चालणे एकदम थांबते आणि साखर वर जाऊ लागते, म्हणून पहिल्या आठवड्यात ती एक दिवसाआड मोजावी, कमी केलेला डोस पूर्ववत करण्यासाठी आपल्या डॉक्टरांची वेळ निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावी आणि रोजचे अर्धा तास चालणे दुसऱ्या दिवसापासून सुरू ठेवावे.